नर डुकरांसाठी ब्लेडऐवजी लस: वापरून पाहिलेल्या बाईचं परीक्षण

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. नर पिल्लांचं खच्चीकरण ब्लेडने करणं बंद करून दोन डोसांची लस वापरायला लागले, त्याला आता बराच काळ लोटला. पाचपैकी चार तारे. पाचवा तारा राखून ठेवलाय तो लसीत खोट आहे म्हणून नाही. लसीबरोबर जे काम गळ्यात पडतं, ते विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतं, म्हणून.

मी डुकरांचा फार्म चालवते. पशुवैद्य नाही, पण डॉक्टर आले की शेजारी उभं राहून त्यांना प्रश्नांनी हैराण करणारी आहे. आणि हे परीक्षण एका कंपनीच्या बाटलीचं नसून पद्धतीचं आहे. या प्रकारची सगळ्यांत जुनी आणि माहितीतली लस म्हणजे इम्प्रोव्हॅक. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ती १९९८ मध्ये बाजारात आली, युरोपियन संघात २००९ मध्ये मंजूर झाली आणि अमेरिकेत २०११ मध्ये इम्प्रोव्हेस्ट या नावाने. म्हणजे कालपरवाचं खूळ नाही. मी कुठली बाटली वापरते ते सांगत नाही आणि किंमतही सांगत नाही, कारण ती जागोजागी वेगळी आहे.

मुळात नर डुकरं खच्ची का करायची, इथून सुरुवात करावी लागते, कारण हा प्रश्न मला डुकरं न पाळणारी माणसं हटकून विचारतात. उत्तर एका शब्दात: वास. वयात आलेल्या नराच्या चरबीत दोन पदार्थ साठतात. एक अँड्रोस्टेनोन. हे वृषणात तयार होतं आणि त्याचा वास शिळ्या घामासारखा किंवा लघवीसारखा येतो. दुसरा स्कॅटोल. हा आतड्याच्या शेवटच्या भागात जिवाणू ट्रिप्टोफॅन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) फोडतात तेव्हा बनतो आणि त्याचा वास सरळ शेणाचा. स्कॅटोल माद्यांच्या आतड्यातही होतो, पण त्यांचं यकृत तो निकालात काढतं. नराच्या यकृतात अँड्रोस्टेनोन त्या कामात आडवं येतं, म्हणून नरात दोन्ही एकदम साचतात. मांस कच्चं असताना कळत नाही. तवा तापला, चरबी वितळली की घरभर कळतं.

सगळ्याच नरांना हा वास येतो असंही नाही, आणि सगळ्याच माणसांना तो कळतो असंही नाही. पिल्लं कापण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता ते आमचे मामा (नात्याने कुणाचेच नाहीत, पण फार्मवर सगळे त्यांना मामाच म्हणतात) यांच्यासमोर एकदा मी मुद्दाम न कापलेल्या नराच्या चरबीचा तुकडा धरला आणि त्याला तापलेली सळई लावली. कत्तलखान्यातही चाचणी अशीच करतात: चरबी डागायची आणि हुंगायची. मी दोन पावलं मागे सरकले. मामा नाक जवळ नेऊन म्हणाले, ‘‘ताई, मला तर काहीच येत नाही बघा.’’ ते खोटं बोलत नव्हते. अँड्रोस्टेनोनचा वास येणं न येणं हे बरंचसं जनुकांवर आहे. काहींना तो असह्य होतो, काहींना गोडसर वाटतो आणि काहींना येतच नाही. बायकांना तो पुरुषांपेक्षा जास्त जाणवतो, असं अभ्यासांत वारंवार दिसलंय. तेव्हा तुमच्या फार्मवर एखाद्याने ‘‘आपल्या मालाला वास नाही’’ अशी ग्वाही दिली, तर आधी त्याचं नाक तपासा.

आता ब्लेडबद्दल. ते काय असतं हे न सांगता पर्यायाचं कौतुक करणं फसवं होईल. पहिल्या आठवड्यातलं पिल्लू, वजन दीड-दोन किलो. मागचे दोन्ही पाय एका हातात धरून त्याला उलटं करायचं, अंगठ्याने वृषण वर दाबायचे, कातडीवर दोन चिरा द्यायच्या, वृषण बाहेर काढायचे आणि त्यांना आतून जोडलेली नाडी कापायची. सराईत माणसाला मिनिटही लागत नाही. भूल नाही, पुष्कळ ठिकाणी वेदनाशामकसुद्धा नाही. पिल्लू ज्या पट्टीत ओरडतं ती उचलल्यावरच्या ओरडण्याहून वेगळी असते आणि चीर देताना नाही, तर नाडी ओढताना ती सगळ्यांत वर जाते. हे ऐकून ऐकून आमच्या सगळ्यांच्या कानांना सवय झाली होती, आणि सवय झाली होती हीच मला खटकणारी गोष्ट. नंतर पिल्लू थरथरत राहतं, शेपूट हलवत राहतं, भावंडांपासून लांब बसतं, आचळाला उशिरा लागतं. एखाद्याला आतून हर्निया असला आणि तो आधी लक्षात आला नाही, तर चिरेतून आतडं बाहेर येतं. जखम चिघळते, काही मरतात. ही मरतूक कुणी वेगळी लिहून ठेवत नाही, ‘पहिल्या आठवड्यातली मरतूक’ या रकान्यात ती गुपचूप बसते.

पिल्लू लहान असलं की त्याला कमी दुखतं, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. युरोपियन संघाच्या २००८ च्या नियमांतही ती वयाची रेघ आहेच: सात दिवसांनंतर कापायचं तर पशुवैद्यानेच, भूल आणि दीर्घकाळ टिकणारं वेदनाशामक देऊन. सातव्या दिवसाच्या आधी मात्र तशी सक्ती नाही. सातव्या दिवशी पिल्लाच्या मज्जासंस्थेत असा कुठला दिवा लागतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. त्यापुढे काही देश आपापल्या परीने गेले. नॉर्वेने २००२ मध्ये भुलेशिवाय कापणं बंद केलं, स्वित्झर्लंडने २०१० मध्ये, जर्मनीने बरीच चालढकल करून १ जानेवारी २०२१ पासून, फ्रान्सने २०२२ पासून. २०१० मध्ये युरोपातल्या डुकरांच्या धंद्यातल्या मंडळींनी एकत्र बसून एक जाहीरनामा काढला होता, की २०१८ पर्यंत शस्त्रक्रियेने खच्चीकरण स्वखुशीने थांबवू. २०१८ आलं आणि गेलं. ब्लेड आहे तिथेच आहे. स्वखुशीचं असंच असतं.

लसीकडे वळण्याआधी मधले मार्गही पाहिले, काही स्वतः केले, काही दुसऱ्यांच्या फार्मवर उभं राहून पाहिले. त्यांना थोडक्यात आटोपते.

कापण्याआधी मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचं इंजेक्शन: काहीच न देण्यापेक्षा केव्हाही बरं आणि करायला सोपं. पण ते नंतरचं दुखणं कमी करतं. चिरेचं आणि नाडी ओढण्याचं दुखणं तसंच राहतं. याला ‘वेदनारहित’ म्हणून कुणी विकत असेल तर त्याला चीर देतानाचं ओरडणं ऐकवा. आणखी एक, ते देऊन लगेच ब्लेड उचललं तर इंजेक्शन नावापुरतंच. औषध अंगात भिनायला वेळ द्यावा लागतो, म्हणजे प्रत्येक पिल्लू दोनदा हातात घ्यायचं. घाईच्या दिवशी या मधल्या वेळेला हमखास कात्री लागते.

जागेवर भूल, म्हणजे लिडोकेन किंवा प्रोकेन वृषणात टोचणं: कागदावर उत्तम. प्रत्यक्षात ती सुईच पिल्लाला झोंबते, औषध नाडीपर्यंत नीट पोचलं तरच उपयोग, आणि एवढ्याशा जिवात ते दर वेळी नीट पोचवणं सराईत हातालाही सोपं नाही.

आयसोफ्लुरेन वायू: जर्मनीत शेतकऱ्याला प्रशिक्षण घेऊन स्वतः हे करायची परवानगी मिळाली आहे. यंत्रावर पिल्लांना पाठीवर अडकवायचं, तोंडाला मुखवटा, वायू सोडायचा, झोपलं की कापायचं. मी पाहिलं तेव्हा पिल्लं शांत होती, हे कबूल. पण सगळी नाही. मुखवटा नीट बसला नाही की एखादं अर्धवट जागं राहतं आणि पाय झाडतं. वायूमुळे फक्त झोप लागते, जाग आल्यावरच्या दुखण्यावर त्याचा काही उपयोग नाही, म्हणून वेदनाशामक वेगळं आणि वेळेआधी द्यावंच लागतं. गुंगीतलं पिल्लू गार पडतं. त्याला तसंच आईजवळ सोडलं तर ती अंग टाकताना चिरडू शकते. यंत्राची गळती असेल किंवा खोलीत हवा खेळती नसेल तर माणसांची डोकी दुखतात. शिवाय हा वायू हवामान तापवणाऱ्यांपैकी आहे. मोठ्या, शिस्तीच्या फार्मवर चालेल. आमच्यासारख्यांना जमेल असं मला वाटलं नाही. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करण्याबद्दल तर बोलायलाच नको. शुद्ध हरपेपर्यंत पिल्लू श्वासासाठी धडपडतं, मग वाचवलं काय?

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी: शेवटी ब्लेड चालतंच. लसीत ते चालत नाही.

लसीचं काम असं. मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएफ नावाचा एक छोटासा संदेश पिट्युटरी ग्रंथीकडे पाठवतो, ती पुढे वृषणांना कामाला लावते. लसीत या संदेशाची नक्कल असते, एका मोठ्या प्रथिनाला जोडलेली, म्हणजे शरीर तिला परकं समजून तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. हीच प्रतिपिंडं मग खऱ्या संदेशालाही वाटेत पकडतात. वृषणांना हुकूमच पोचत नाही, ते आक्रसतात, टेस्टोस्टेरॉन आणि अँड्रोस्टेनोन खाली येतं, आणि अँड्रोस्टेनोनचा अडसर गेला की यकृत स्कॅटोलही साफ करायला लागतं. म्हणजे लसीतून डुकराच्या अंगात कुठलाही हार्मोन जात नाही. उलट त्याचे स्वतःचे हार्मोन थांबतात. मांस खाणाऱ्याला काही होत नाही, कारण ही नक्कल पोटात गेली तर इतर प्रथिनांसारखी पचून जाते. टोचल्यानंतर मांसासाठी थांबण्याचा वेगळा कालावधीही लावलेला नाही. थांबायचं ते वास जाण्यासाठी.

डोस दोन, प्रत्येकी दोन मिलिलिटर, मानेवर कानाच्या लगेच मागे, कातडीखाली. पहिला आठ आठवड्यांच्या वयानंतर केव्हाही. दुसरा पहिल्यानंतर किमान चार आठवड्यांनी, आणि कत्तलीच्या साधारण चार ते सहा आठवडे आधी. पहिल्या डोसने बाहेरून काहीही फरक पडत नाही. नव्या माणसाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो पंधरा दिवसांत येऊन सांगेल की लस बनावट आहे. पहिला डोस शरीराला फक्त ओळख करून देतो; खरं काम दुसऱ्याचं. आठवड्याभरात प्रतिपिंडं चढतात आणि एक-दोन आठवड्यांत गोठ्यातलं वातावरण बदलतं.

पहिला डोस म्हणजे पोरखेळ. जनावर आटोपशीर असतं. दुसरा मात्र सत्तर-ऐंशी किलोच्या धडधाकट नराला द्यायचा असतो, ज्याला तुम्ही कोण, कशाला आलात यात अजिबात रस नसतो. आम्ही कळपाला फळीने एका कोपऱ्यात इतकं दाटीत घेतो, की त्यांना वळायला जागा राहू नये, पण एकमेकांवर चढताही येऊ नये. मामा फळी गुडघ्याने रेटून धरतात, मी पाठीमागून शिरते. सिरिंज सुईच्या टोकाकडून कानामागे टेकवायची, काटकोनात दाबायची, सुईचं झाकण मागे सरकतं, मग घोडा ओढायचा, आणि सुई बाहेर येताच दुसऱ्या हातातल्या खडूने पाठीवर रेघ. या सगळ्याला लागणारा वेळ नगण्य, पण क्रम मोडला की गोंधळ. रेघ आधी ओढली आणि जनावर निसटलं तर ते ‘झालेलं’ म्हणून मोजलं जातं. पाऊस असेल, अंगावर ओल असेल तर खडू पुसतो. आम्ही तेव्हा रंगाची कांडी वापरतो.

सिरिंजबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण इथे चालढकल परवडत नाही. ही लस माणसाला टोचली गेली तर माणसातही तेच करू शकते: काही काळ लैंगिक हार्मोन आणि प्रजननक्षमता खाली जाऊ शकते, पुरुष असो की बाई, आणि गर्भारपणात धोका आहे. एकदा चुकून टोचलं गेलं तर दुसऱ्यांदा टोचण्यातला धोका जास्त, कारण माणसाच्या शरीरालाही पहिल्या डोसाने ओळख झालेली असते. म्हणून जिला सुईचं झाकण आणि घोड्याचा खटका अशी दुहेरी सोय आहे, तीच सुरक्षित सिरिंज वापरायची. साध्या ऑटोमॅटिक सिरिंजने काम भागवायचा मोह होतो, कारण ती हाताशी असते. होऊ देऊ नका. दिवस गेलेल्या किंवा जाण्याची शक्यता असलेल्या बाईने हे काम करायचंच नाही. ज्याला एकदा टोचलं गेलंय त्याने पुन्हा या सिरिंजला हात लावायचा नाही. आमच्याकडे विण्याच्या खोल्या सांभाळणारी मुलगी हाताने सगळ्यांत चपळ, पण लग्न झाल्यावर तिने स्वतःच सांगितलं, ताई, मी रेघा ओढीन, सुई दुसऱ्याला द्या. मी एक प्रश्न विचारला नाही.

लस दोन ते आठ अंशांत ठेवायची, गोठू द्यायची नाही, उजेडापासून जपायची. फ्रिजच्या मागच्या भिंतीला बाटली चिकटवून ठेवणारे लोक असतात, आणि बर्फ तिथेच आधी धरतो.

आता फायद्याचं. दुसऱ्या डोसापर्यंत तुमचा नर पूर्ण नरच असतो, आणि नर खाद्याचं मांस करण्यात खच्ची केलेल्यापेक्षा सरस असतो. त्याच खाद्यात जास्त वाढ, चरबी कमी. ब्लेडने पहिल्याच आठवड्यात हे सगळं आपण कापून टाकत होतो. फक्त एक अट: त्याला नराचं खाद्य द्यायला हवं, म्हणजे प्रथिनं आणि लायसिन (वाढीला लागणारं अमिनो आम्ल) जास्त. जुनंच खाद्य चालू ठेवलं तर निम्मा फायदा गोठ्यातच राहतो. दुसऱ्या डोसानंतर गाडी उलटी फिरते. भूक एकदम वाढते, इतकी की त्याच गव्हाणीवर गर्दी आणि ढकलाढकली सुरू होते. गव्हाणीची लांबी आधीच वाढवून ठेवलेली बरी. खाणं वाढलं की चरबीही चढते. यात एक सोय दडलेली आहे: डोस आणि कत्तल यांतलं अंतर कमी ठेवलं तर माल सडपातळ, जास्त ठेवलं तर चरबीदार. खरेदीदाराला काय हवं ते विचारून तारीख ठरवता येते. ब्लेडमध्ये ही मुभा नव्हती.

तोट्याची बाजूही मांडते. जिवंत वजनाच्या मानाने सोललेल्या मालाचं वजन थोडं कमी भरतं, कारण वृषण आणि भरलेलं पोट वजा होतं. तुम्हाला पैसे सोललेल्या वजनावर मिळत असतील तर हा हिशेब आधी करा. आणि दुसरा डोस होईपर्यंत नरांचा त्रास असतोच: एकमेकांवर चढणं, भांडणं, लंगडी जनावरं, एकमेकांच्या लिंगाला चावे. हे शेवटचं कुणी बोलत नाही, पण पाहिलंय त्याला विसरता येत नाही. ब्लेडमुळे पिल्लाला होणारा त्रास वाचवताना मोठ्या जनावराला होणारा हा त्रास मोजायचाच नाही, हे काही खरं नाही. आम्ही नर आणि माद्या वेगळ्या ठेवतो, कळप मध्येच मोडत नाही, जागा सैल ठेवतो आणि दुसरा डोस शेवटच्या तारखेपर्यंत ताणत नाही. त्याने बराच फरक पडतो. सगळा पडत नाही.

एखादं जनावर सुटतंच. कितीही खडू वापरा. म्हणून दुसऱ्या डोसानंतर दोन आठवड्यांनी मी कळपात एक फेरी मारते, मागून. जो अजून इतरांवर चढतोय, ज्याचे वृषण मोठे आणि लालसर आहेत, तो सुटलेला. त्याला पुन्हा टोचायचं आणि त्याची विक्री पुढे ढकलायची. भराभर वाढणारे नर याच कारणाने गोत्यात आणतात: त्यांचं वजन आधी भरतं, गाडी आलेली असते, आणि त्यांचे चार आठवडे झालेले नसतात. अशा वेळी गाडी रिकामी जाऊ द्यायची हिंमत मालकात असली पाहिजे.

पहिल्यांदा कळपाला लस झाली तेव्हा मामा फळीला टेकून बराच वेळ मागून बघत होते. मग म्हणाले, ‘‘सुईनं होतं काय ताई? सगळं जागच्या जागी तर आहे!’’ हीच शंका कत्तलखान्यात येते, आणि पाचवा तारा तिथेही अडतो. आम्ही ज्याला माल द्यायचो त्या खरेदीदाराने लसीचा पहिला कळप उतरवून घेताना मागे वृषण दिसले म्हणून सगळा माल ‘कापलेला नाही’ या भावाने लावला. नोंदवही दाखवली, बाटल्यांचे क्रमांक दाखवले. उत्तर आलं, ‘‘आमच्याकडे हा प्रकार नाही.’’ वर त्याच्या माणसाने ‘हार्मोनचं मांस’ असा शब्दही सोडून दिला. चाचणीला तापलेली सळई पुरली असती, पण तेवढी तसदी कुणी घेतली नाही. आम्ही तो खरेदीदार सोडला.

लसही नको, ब्लेडही नको, नर तसेच वाढवू, असं म्हणणाऱ्यांना मी वेड्यात काढत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये नर जवळपास कापतच नाहीत, स्पेन-पोर्तुगालमध्येही बहुतेक नर न कापता वाढवायची जुनी रीत आहे. वयात पुरते येण्याआधी, कमी वजनावर विकले की वासाचा धोका कमी राहतो. गोठा कोरडा आणि स्वच्छ ठेवला तर स्कॅटोल उतरतो, शेवटच्या काळात खाद्यात कच्चा बटाट्याचा स्टार्च किंवा चिकोरी घातली तरी उतरतो. अँड्रोस्टेनोनवर मात्र खाद्याचा इलाज चालत नाही, तिथे वाण निवडावं लागतं, आणि वास कमी असलेल्या नरांचे वाण निवडायचं काम पैदासकार करत आहेतच. फक्त माद्याच जन्माला घालायचा विचारही सुचतो. गायींत लिंग निवडलेलं वीर्य सर्रास चालतं. डुकरीण भरवायला मात्र एका वेळी अब्जावधी शुक्राणू लागतात आणि ते निवडणारी यंत्रं त्या मानाने फार सावकाश चालतात. जनुक बदलून कधीच वयात न येणारी डुकरं तयार करण्याचे प्रयोगही झालेत. लसीच्या नावाला बिचकणारं गिऱ्हाईक ते कसं स्वीकारेल, देव जाणे.

लस कुणी घेऊ नये, तेही सांगते. ज्यांची डुकरं मोकळी फिरतात आणि ठरलेल्या आठवड्यात हाताला लागतील याची खात्री नाही, त्यांनी घेऊ नये. एकच डोस पडलेलं जनावर म्हणजे पैसे पाण्यात. ज्यांच्याकडे जनावरांना ओळख क्रमांक नाहीत, त्यांनी आधी ते लावावेत. ज्यांना खूप मोठ्या वजनाची, वर्षभर किंवा त्याहून जास्त वाढवलेली डुकरं खारवून वाळवायच्या मालासाठी हवी आहेत, त्यांना दोन डोस पुरतीलच असं नाही. परिणाम कायमचा नसतो, प्रतिपिंडं उतरली की वृषण पुन्हा कामाला लागतात आणि मग आणखी एक डोस द्यावा लागतो. हे वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्या, विक्रेत्याकडून नको.

आणि पहिली बाटली मागवण्याआधी कत्तलखान्यात स्वतः जा. तीन गोष्टी विचारा: लसीची जनावरं घेता का, कुठल्या भावाने, आणि कत्तलीच्या साखळीवर तपासणी कशी करता. आमचा आताचा खरेदीदार आक्रसलेले वृषण बघून माल पास करतो, शंका आली तर चरबी डागून हुंगतो आणि संशयित जनावराचा क्रमांक मला त्याच दिवशी कळवतो. तो क्रमांक मी नोंदवहीशी ताडून बघते. बहुतेक वेळा त्या ओळीत दुसऱ्या डोसापुढे रेघ असते पण सही नसते, आणि मग मामांची आणि माझी थोडी बाचाबाची होते.